पाण्याची वाट आणि तळमजल्याचे घर : खानदेशातील एक जुना धडा

शहर वाढू लागले की सपाट जागा आधी संपते. मग टेकडीच्या पायथ्याचे, नाल्याकडे उतरत जाणारे भूखंड विक्रीस निघतात. असा भूखंड घेणाऱ्याच्या मनात बहुधा एक विचार येतो. रस्त्याच्या पातळीवर आपण राहावे आणि उताराच्या बाजूला, खाली, आणखी एक लहानसे बिऱ्हाड काढावे. मुलाला उपयोगी पडेल, नाहीतर भाडे येईल. खर्चही कमी वाटतो, कारण उतार भरून काढण्यासाठी जोते उंच करावेच लागणार असते. त्याच पोकळीत दोन खोल्या मिळाल्या तर काय वाईट?

कल्पना वाईट नाही. खानदेशासारख्या प्रदेशात तर ती मोहात पाडणारी आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या पुढे जाते, आणि जमिनीत शिरलेली खोली गार राहते हे आपल्याकडे शेंबडे पोरही सांगेल. पण जमिनीखाली राहण्याचा हा प्रश्न आजचा नाही. या प्रदेशात तो सुमारे ४००० वर्षे जुना आहे आणि त्याला वेगवेगळ्या काळी वेगवेगळी उत्तरे मिळाली आहेत. ती शेजारी शेजारी ठेवून पाहिली, तर घराचा आराखडा काढताना पहिला प्रश्न कोणता विचारावा हे कळते. या लेखात आम्ही तेच करणार आहोत.

कावठे येथील खड्ड्यातली घरे

धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यात कावठे नावाचे गाव आहे. १९८० च्या दशकात पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी तेथे उत्खनन केले. म. के. ढवळीकर, वसंत शिंदे आणि शुभांगना अत्रे यांचा त्यावरील अहवाल १९९० साली प्रसिद्ध झाला. ही वस्ती सावळदा संस्कृतीची, म्हणजे इ.स.पूर्व २००० च्या सुमाराची. तापीकाठच्या सावळदे या गावावरून या संस्कृतीला नाव मिळाले. कावठे येथील लोक जमिनीत उथळ खड्डा घेऊन त्यावर छप्पर घालीत आणि त्यात राहत.

खड्ड्यात घर करण्याचा फायदा काय? जमीन ही उष्णतेची मंद वाहक आहे. साधारण ओलसर मातीत दिवसरात्रीच्या तापमानाचा चढउतार सुमारे १२ सेंटिमीटर खोलीवर एकतृतीयांशाच्या आसपास येतो. अर्धा मीटर खाली तो जवळपास उरतच नाही. वर्षाचा म्हणजे उन्हाळा-हिवाळ्याचा चढउतार अधिक खोल जातो, पण सुमारे २.२ मीटर खोलीवर तोही तेवढाच, म्हणजे एकतृतीयांशाच्या आसपास उरतो. शिवाय तो तेथे जवळजवळ दोन महिने उशिरा पोचतो. मे महिन्याची उष्णता तेथे जुलैमध्ये जाणवते, तोवर वर पाऊस सुरू झालेला असतो. अर्थात कावठे येथील उथळ खड्ड्यात एवढा लाभ मिळणार नाही. पण वारा अडतो, भिंती कमी उंचीच्या पुरतात आणि दुपारची झळ कमी होते.

तोटा मात्र उघड आहे. सपाट जमिनीत खणलेला खड्डा म्हणजे भांडे. त्यात पाणी शिरले की बाहेर पडायला वाट नाही. छप्पर आणि खड्ड्याच्या काठावर घातलेला मातीचा बांध, एवढ्यावरच सारी भिस्त. कावठे येथील वस्तीचा थर पातळ आहे. तेथे लोक फार काळ टिकून राहिलेले दिसत नाहीत. त्याचे कारण पाणीच होते असे म्हणण्यास आधार नाही. पण घराचा हा प्रकार थोड्या मुक्कामाला सोयीचा आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या वास्तव्याला अडचणीचा, हे सहज पटण्यासारखे आहे.

पितळखोरा : उतारात शिरलेले घर

दुसरे उत्तर खानदेशाच्या दक्षिण सीमेवर मिळते. चाळीसगावजवळच्या पाटणादेवीच्या खोऱ्यावर अजिंठ्याच्या डोंगररांगेची कड उभी आहे. या रांगेतल्या एका घळीत पितळखोऱ्याची लेणी आहेत. आज ती गौताळा अभयारण्यात, छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचा औरंगाबाद) जिल्ह्याच्या कन्नड तालुक्यात मोडतात. त्यांतील जुनी लेणी इ.स.पूर्व दुसऱ्या-पहिल्या शतकातली आहेत. पैठणच्या दात्यांची नावे तेथील लेखांत आढळतात. म. न. देशपांडे यांनी या लेण्यांचा सविस्तर अहवाल १९५९ साली प्रसिद्ध केला. त्याआधी त्यांनीच चाळीसगाव तालुक्यात गिरणाकाठच्या बहाळ येथे उत्खनन केले होते.

लेणे म्हणजेही जमिनीखालचेच घर. भिक्षू त्यात पावसाळ्याचे महिने काढीत, म्हणजे नेमका पाण्याचा काळ. मग कावठे येथील खड्डा आणि पितळखोऱ्याचा विहार यांत फरक कोणता? खड्डा वरून खाली खणलेला आहे, तर विहार उताराच्या बाजूने आडवा आत शिरलेला आहे. त्याच्या तीन बाजू डोंगरात आहेत, पण चौथी दरीकडे उघडी आहे. विहाराची जमीन बाहेरच्या उतारापेक्षा उंचावर आहे. आत पाणी आलेच, तर ते दाराकडे वाहून जाते आणि पुढे ओढ्यात पडते. उजेड आणि हवाही त्याच बाजूने येतात.

पण एवढ्याने भागत नाही. आपला काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, वरून अभेद्य दिसला तरी तसा नसतो. लाव्हाचे थर एकावर एक साचताना मध्ये कधी तांबड्या मातीचा थर राहतो, कधी सच्छिद्र खडक असतो, आणि निवताना पडलेल्या उभ्या भेगा तर सर्वत्र असतात. डोंगरावर पडलेला पाऊस या वाटांनी झिरपत येतो. पितळखोऱ्याचा खडक तर बराच झिजरा आहे; तेथील कित्येक दर्शनी भाग कोसळले आहेत. या झिरपत्या पाण्यासाठी तेथील कारागिरांनी चौथ्या क्रमांकाच्या लेण्यात काय केले ते पाहण्यासारखे आहे. त्यांनी खडकात नाली कोरून पाणी बाहेर आणले आणि दाराजवळ कोरलेल्या पाच फण्यांच्या नागाच्या फण्यांतील छिद्रांतून ते सोडून दिले. पाहणाऱ्याला ती शोभा वाटते. बांधणाऱ्याच्या दृष्टीने ती भिंतीमागच्या पाण्याला काढून दिलेली वाट होती.

यात एक तत्त्व आहे. झिरपणारे पाणी भिंतीने अडवून धरता येत नाही. त्याला गाठून, वळवून, घराच्या तळापेक्षा खाली नेऊन सोडावे लागते. ते जमिनीच्या उतारामुळेच जमते. सपाटीवरच्या तळघराला ही सोय नसते.

काळी आणि पांढरी

तिसरे उत्तर गावगाड्याने दिले. गावच्या जमिनीचे दोन भाग आपल्या जुन्या कागदपत्रांत येतात : काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. ही नुसती महसुली वाटणी नव्हती. काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट जातीची चिकणमाती भरपूर असते. तिचे सूक्ष्म पापुद्रे पाणी पिऊन फुगतात आणि उन्हाळ्यात आकसतात. म्हणूनच शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा मातीवरचे घर दर पावसाळ्यात किंचित वर उचलले जाते आणि दर उन्हाळ्यात खाली बसते. पण सगळीकडे सारखे नाही, म्हणून भिंती तडकतात. ही हालचाल सुमारे साडेतीन मीटर खोलीपर्यंत जाणवते असे आपल्याकडील बांधकामशास्त्रात धरले जाते. आज अशा जमिनीत तळाशी फुगवटा असलेले काँक्रीटचे खांब त्या खोलीपर्यंत नेतात. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने या पद्धतीवर मोठे काम केले आहे.

आपल्या पूर्वजांकडे काँक्रीट नव्हते. त्यांनी सोपा मार्ग धरला : घर काळीवर बांधायचेच नाही. वस्ती नदीकाठच्या उंचवट्यावर, पांढऱ्या मातीवर. जुनी घरे पडत, त्यांची माती तेथेच साचे, राख आणि चुनखडीचे कण मिसळत, आणि त्यावर पुन्हा घरे उभी राहत. तापी आणि गोमाई यांच्या संगमावरील प्रकाशे येथे (आता नंदुरबार जिल्हा) बी. के. थापर यांनी १९५० च्या दशकात खणले तेव्हा शेकडो वर्षांच्या वस्त्यांचे असेच थरावर थर निघाले. पांढरी ही माणसांनीच उंच केलेली जमीन होती.

या पांढरीत धान्याची पेवे असत. तोंड अरुंद, पोट मोठे, आतून कडबा किंवा गवताचे अस्तर, आणि वर दगड ठेवून मातीने लिंपलेले झाकण. जागा उंच आणि कोरडी पाहूनच पेव खणीत. जुन्या काळी साठवणीचा हा मोठा मार्ग होता. ‘पेव फुटणे’ हा वाक्प्रचार आपण अजून वापरतो. बंद पेवातले धान्य आणि कीड दोन्ही श्वसन करतात. त्यामुळे आतला ऑक्सिजन घटतो, कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि कीड मरते. पण हीच हवा माणसालाही मारते. म्हणून पेव उघडल्यावर लगेच कोणी आत उतरत नसे. ते काही काळ उघडे ठेवीत. जमिनीखालच्या कोंदट जागेत पाण्याइतकीच हवाही विचारात घ्यावी लागते, हे पेवाने शिकवले. खोलीला समोरासमोर झरोके हवेत, एकच खिडकी पुरत नाही. आणि बंद तळघरात कोळशाची शेगडी किंवा जनित्र कधीही चालवू नये.

राहत्या घरासाठी मात्र खानदेशाने जमिनीखाली जाण्याऐवजी मातीच डोक्यावर घेतली. तुळया, त्यांवर किलचण, त्यावर पालापाचोळा आणि वर मातीचा जाड थर, असे हे धाबे. वरच्या थराला खारी माती लागे. त्यामागे रसायनशास्त्र आहे. चिकणमातीच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो. कॅल्शियम असेल तर कण एकमेकांना धरून गुठळ्या होतात आणि मधल्या फटींतून पाणी जाते. सोडियमचे क्षार असतील तर ओले होताच कण सुटे होतात, फटींत बसतात आणि वाट बंद करतात. शेताला नकोशी असलेली खारी माती धाब्याला हवीशी वाटे ती यामुळे. तरीही धाब्याला थोडा ढाळ देऊन पन्हळ काढलेले असेच. पाणी अडवले तरी त्याला वाट द्यावीच लागते, हा नियम येथेही सुटला नाही.

धुळे, पांझरा आणि फड

इंग्रजी अंमल सुरू झाल्यावर कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांनी १८१९ साली धुळे हे खानदेशाचे मुख्य ठाणे केले. नव्या पेठेची आखणी सरळ रस्त्यांची झाली आणि बऱ्हाणपूरकडील व्यापाऱ्यांना येथे येऊन राहण्याचे आमंत्रण दिले गेले. शहर वाढले, पण पांझरेने आपला हक्क सोडला नाही. १८७२ सालच्या पुरात धुळ्यातील घरादारांचे मोठे नुकसान झाले. कागदावरचे चौकोन सारखे असले तरी जमिनीचे चढउतार सारखे नसतात. पुरात कोणते घर बुडणार हे पत्त्यावरून नव्हे, जोत्याच्या उंचीवरून ठरते.

गंमत अशी की याच पांझरेच्या काठी जमिनीचा उतार अचूक ओळखणारी माणसे पिढ्यान्‌पिढ्या नांदत होती. पांझरा, मोसम या नद्यांवरील फड पद्धत अनेकांना ठाऊक असेल. नदीवर बंधारा, त्यातून निघणारा पाट, पाटाखालच्या जमिनीचे फड, आणि पाणीवाटपासाठी नेमलेले पाटकरी. पाट काढताना त्याला अगदी थोडा उतार द्यावा लागतो. जास्त दिला तर पाणी माती खरवडते, कमी दिला तर गाळ साचतो. उरलेले पाणी सांडव्यावाटे पुन्हा नाल्यात किंवा नदीत जाते. पाण्याचे येणे आणि जाणे दोन्ही ठरलेले. उताराच्या भूखंडावर घर आखणाऱ्याने नेमके असेच वागायला हवे.

आजचा भूखंड

आता एक उदाहरण घेऊ. भूखंडाचा उतार आठास एक आहे, म्हणजे ८ मीटर चालल्यावर १ मीटर खाली. रस्ता वरच्या बाजूला आहे आणि उताराच्या दिशेने घराची लांबी १० मीटर आहे. तेव्हा घराच्या मागच्या (रस्त्याकडच्या) आणि पुढच्या (उताराकडच्या) भिंतींखालच्या जमिनीत १.२५ मीटरचा फरक पडतो. खालच्या मजल्याची जमीन पुढच्या अंगणाच्या पातळीला ठेवली, तर मागच्या भिंतीचा १.२५ मीटर भाग मातीत जाईल आणि वर खिडकीपुरती भिंत मोकळी राहील. खालच्या बिऱ्हाडाला पुढून दार, मागून झरोका, आणि पाण्याला पुढे वाट. हे पितळखोऱ्याचे घर झाले.

पण दोन मजल्यांतील अंतर ३ मीटर धरले, तर वरचा मजला रस्त्याकडच्या जमिनीपेक्षा १.७५ मीटर उंच राहील. साधारण ११ पायऱ्या चढाव्या लागतील. येथे मालकाचा विचार पालटतो. पायऱ्या नकोत, घर रस्त्याच्या पातळीला आणू, खालचा मजला तेवढाच आणखी खाली घेऊ. मागची सगळी भिंत मातीत जाते, पुढची जमीनही १.७५ मीटरने खणावी लागते, आणि खालच्या बिऱ्हाडाची जमीन चारही बाजूंच्या जमिनीपेक्षा खाली जाते. ११ पायऱ्या वाचवण्याच्या नादात पितळखोऱ्याचे घर कावठ्याचा खड्डा होऊन बसते. दोन्ही मजले पायऱ्यांवाचून जमिनीला टेकायला हवे असतील, तर १० मीटरमध्ये ३ मीटरचा, म्हणजे सुमारे सव्वातीनास एक उतार लागतो. तेवढा नसेल तर पायऱ्या स्वीकाराव्यात.

भिंतीमागच्या पाण्याचा हिशेबही पाहावा. पाण्याचा भिंतीवरील एकूण दाब उंचीच्या वर्गाप्रमाणे वाढतो. भिंतीमागे १.२५ मीटर उंच पाणी साचले तर भिंतीच्या दर मीटर लांबीवर सुमारे ७८० किलोग्रॅम वजनाइतका दाब येतो. उंची दुप्पट, २.५ मीटर झाली की तोच ३१०० किलोग्रॅमच्या घरात जातो. मातीचा दाब वेगळाच. म्हणून अशा भिंतीमागे काळी माती परत भरू नये. खडी भरावी, तळाशी छिद्रांचा पाइप घालून तो उताराच्या बाजूला बाहेर काढावा आणि भिंतीत पाझरछिद्रे ठेवावीत. घराच्या वरच्या अंगाला गटार काढून रस्त्याचे पाणी बाजूने वळवावे. खालच्या बिऱ्हाडाचे सांडपाणीही उताराने जाईल याची खात्री करून घ्यावी. पंपावर विसंबू नये, कारण मुसळधार पावसात वीज आधी जाते.

हा केवळ ओल आणि बुरशीचा प्रश्न नाही. २७ जुलै २०२४ रोजी दिल्लीच्या जुन्या राजेंद्र नगरात तळघरातील वाचनालयात पावसाचे पाणी शिरले आणि स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे तीन विद्यार्थी मरण पावले. ते तळघर साठवण आणि वाहनांसाठी मंजूर होते. ऑगस्ट २०२२ मध्ये दक्षिण कोरियाच्या सोल शहरात अर्धवट जमिनीखाली असलेल्या घरात एकाच कुटुंबातील तिघींचा असाच अंत झाला. सोलमधील ही तळघरे मुळात युद्धाच्या भीतीने, आश्रयासाठी बांधली जाऊ लागली. पुढे घरांच्या टंचाईने ती राहती झाली.

अशा वेळी माणसे दार उघडून बाहेर का येत नाहीत, असे मुले विचारतात. उत्तर गणितात आहे. एक मीटर रुंदीच्या दाराबाहेर ६० सेंटिमीटर पाणी असेल तर दारावर सुमारे १८० किलोग्रॅम वजनाइतका दाब असतो. पाणी १ मीटर झाले की तो ५०० किलोग्रॅमवर जातो. बांधकामाच्या नियमांत तळघर सामान्यतः साठवण, वाहने, यंत्रे यांसाठीच धरतात, राहण्यासाठी नाही, त्याचे कारण हे आहे. नकाशात ‘साठवण’ लिहून तेथे बिऱ्हाड ठेवणे म्हणजे भाडेकरूच्या जिवावर बचत करणे होय. उताराकडे पूर्ण उघडा असलेला खालचा मजला आणि चारही बाजूंनी बुडालेले तळघर यांत नियमही फरक करतात. नगरपालिकेकडे नकाशा नेण्यापूर्वी आपणही तो करावा.

वर्गात करण्याजोगे

शिक्षकांना यातून दोन सोपे प्रयोग घेता येतील. पहिला मातीचा. काचेच्या दोन बाटल्यांत सारखीच काळी माती आणि पाणी घ्यावे. एकीत चुन्याची निवळी, दुसरीत धुण्याच्या सोड्याचे थोडे द्रावण घालून हलवून ठेवावे. पहिलीतले पाणी लवकर निवळेल, दुसरीतले बराच वेळ गढूळ राहील. धाब्यावर खारी माती का घालीत हे मुलांना मग वेगळे सांगावे लागणार नाही.

दुसरा उताराचा. पारदर्शक नळी १० मीटर लांब घ्यावी आणि बुडबुडे न ठेवता पाण्याने भरावी. दोन मुलांनी दोन टोके मोजपट्ट्यांना लावून उभे राहावे. दोन्हीकडच्या पाण्याची पातळी एकच असते, म्हणून मोजपट्ट्यांवरील आकड्यांतील फरक हा जमिनीचा फरक. गवंडी हेच साधन वापरतात. या रीतीने शाळेच्या आवाराचा नकाशा करावा आणि सर्वांत खालचा बिंदू कोणता, तेथून पाणी पुढे कोठे जाते, हे त्यावर बाणाने दाखवावे. पहिल्या मोठ्या पावसात तो नकाशा हातात घेऊन आवारात फिरावे आणि चुकलेले बाण दुरुस्त करावेत. पुढे यांतीलच कोणी घर बांधील तेव्हा खोल्यांची संख्या ठरवण्याआधी असा बाणांचा नकाशा काढील, अशी आशा करायला हरकत नाही.